एकसष्ट टक्के माणूस

परिषदेचं पत्र आलं तेव्हा हर्षदा कुंभोजकर नगरपरिषदेच्या विद्युत विभागात डबा उघडून बसली होती. नागपूरच्या बाह्य प्रकाशव्यवस्था परिषदेनं तिच्या निबंधाची निवड केली होती, आणि तीही मुख्य सभागृहातल्या वीस मिनिटांच्या व्याख्यानासाठी. तिनं ते पत्र दोनदा वाचलं. अर्ज भरताना बोलायच्या तीन जागा दिलेल्या होत्या. भिंतीवर तक्ता लावून त्याच्यापाशी उभं राहायचं, नाहीतर पाच मिनिटांत भरभर सांगून उतरायचं, नाहीतर मुख्य सभागृह. हर्षदानं पाच मिनिटांवर खूण केली होती. मागच्या वर्षी त्यांनी तिला भिंतसुद्धा दिली नव्हती.

विभागातल्या लोकांनी पेढे आणले. मुख्याधिकारी स्वतः जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, आंबेतळसारख्या गावातलं माणूस पहिल्यांदाच अशा व्यासपीठावर बोलणार आहे, कपडे नीट घालून जा. सगळे हसले. हर्षदाही हसली. अण्णांना ही बातमी सांगायला हवी, असं तिच्या मनात आलं आणि मग अण्णांना जाऊन सात महिने झाले हे आठवलं. आताशा हे रोजच व्हायचं, पण त्याला कारण होतं.

आंबेतळच्या रस्त्यांवर तीन वर्षांपूर्वी 'पूर्वदीप' बसला होता. कल्पना साधी होती. रिकाम्या रस्त्यावर रात्रभर दिवे जाळायचे कशाला? वीज जाते, पाखरं दिव्याभोवती फिरून फिरून मरतात, झाडांना ऋतू कळेनासे होतात, खिडकीतून येणाऱ्या उजेडानं माणसांची झोप उडते. म्हणून अंधार पडल्यावर दिवे आठ टक्क्यांवर मिणमिणत ठेवायचे आणि जिथं माणूस येणार असेल तिथं तो पोहोचण्याआधीच पूर्ण उजळायचे. खांबावर कॅमेरा नव्हता, मुठीएवढं रडार होतं. ते चेहरा पाहत नसे, चाल पाहत असे. पावलांमधलं अंतर, हातांचा झोका, एखाद्या गुडघ्यातली कुरकुर हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. यंत्रणेला कुणाचं नावगाव ठाऊक नव्हतं, तिच्यापाशी फक्त क्रमांक होते. चाल क्रमांक ३१७ रोज पहाटे पाच दहाला तांबट गल्लीतून निघते आणि बसस्थानकापर्यंत जाते, हे तिला काही महिन्यांत कळलं. मग पाच दहा वाजायच्या आधीच गल्लीतला पहिला दिवा उजळायला लागला.

३१७ म्हणजे अण्णा, हर्षदाचे वडील. श्रीपती कुंभोजकर, वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. चहा प्यायला आणि आयतं वर्तमानपत्र वाचायला ते बसस्थानकावर जात. लेकीची ही यंत्रणा त्यांना कधीच पटली नाही. "कोण येणार ते ठाऊक नसतं म्हणूनच तर दिवा लावून ठेवायचा असतो," असं ते एकदा जेवताना म्हणाले होते. हर्षदानं त्यांना पाखरांबद्दल सांगितलं होतं. दोघांनीही आपलं म्हणणं सोडलं नाही.

यंत्रणेनं विसरायचं कधी, हा प्रश्न सुरुवातीलाच आला. एखादी चाल बरेच दिवस दिसली नाही तर ती पुसून टाकायला हवी. पहिल्या वर्षी ही मुदत तीस दिवसांची होती. मग शेजारच्या चंपूताई मांडीचं हाड मोडून तीन महिने दवाखान्यात राहिल्या आणि घरी परतल्यावर त्यांच्या दारातला दिवा त्यांना ओळखेना. त्या रडकुंडीला आल्या. हर्षदानं मुदत वाढवून चारशे दिवस केली. आजारी माणसं परत येतात, गावाला गेलेली परत येतात, हे तिच्या डोक्यात होतं. जी परत येत नाहीत त्यांचा विचार तिनं केला नव्हता.

आंबेतळात त्यामुळे अठ्ठावीस मेलेली माणसं चालत होती.

लोकांच्या ते हळूहळू लक्षात आलं. शिंपी आळीत वारलेल्या मास्तरांच्या दारापासून वाचनालयापर्यंत संध्याकाळी सात वाजता एकामागून एक दिवे उजळत जात, खाली कुणीही नसे, आणि दिवे पुढे सरकले की मागचे मिणमिणे होत. मास्तरांच्या सुनेनं त्या वेळी अंगणात पाणी टाकणं बंद केलं. कासारवेशीतला एक माणूस त्याच्या गेलेल्या भागीदाराच्या वेळेला रस्ता बदलून जाई. कुणी तरी त्या उजेडाबरोबर चार पावलं चालून बघितलं आणि पुन्हा तसं करायचं नाही असं ठरवलं. विभागात तक्रारींची वही होती. खांब वाकल्याच्या, वायर लोंबकळल्याच्या तक्रारी रोज येत. पण या दिव्यांबद्दल एकाही माणसानं एक ओळ लिहिली नव्हती.

हर्षदाची आई मंदाकिनी पहाटे पाचला उठून खिडकीशी बसे. पाच दहाला गल्ली उजळायला लागली की ती पाहत राही, बसस्थानकाच्या वळणावरचा शेवटचा दिवा मंदावला की उठून चूल पेटवायला जाई. जानेवारीत एकदा ती सहज म्हणाली, "आज चार मिनिटं उशिरा निघाले. गारठा आहे ना."

यंत्रणा अंदाज बांधताना तापमानही विचारात घेते, थंडीत अण्णा उशिरा निघत हे तिला ठाऊक आहे, एवढंच त्याचं कारण होतं. हर्षदानं ते आईला सांगितलं नाही. तीही तिच्या मागं उभी राहून त्या वळणाकडे बघत होती.

पेढे वाटून झाल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी तिला बाजूला घेतलं. परिषदेनंतर पाहुणे आंबेतळ बघायला येतील, त्यांच्यासमोर हा भुताटकीचा प्रकार नको, मुदत परत तीस दिवसांवर आणा, असं त्यांचं म्हणणं होतं. हर्षदानं होकार दिला. नागपूरहून आल्यावर करते, म्हणाली.

परिषदेनं व्याख्यानाबरोबर एक गोष्ट मागितली होती. यंत्रणा किती वेळा चुकली याचा तक्ता हवा होता. हर्षदाला त्यात काही अवघड वाटलं नाही. रडारला फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. कुत्री असतात, वाऱ्यानं हलणाऱ्या फांद्या असतात, उडालेली पॉलिथिनची पिशवी असते. म्हणून पूर्वदीप केवळ डोळ्यांवर विसंबत नसे. आत्ता समोर काय दिसतंय आणि या जागी या वेळेला सहसा कोण असतं, या दोन्हींची बेरीज करून तो ठरवी की समोर आहे ते किती टक्के माणूस आहे. एक उंबरठा आखलेला होता. आकडा उंबरठ्याच्या वर गेला की दिवा उजळे, खाली राहिला की नाही. हर्षदानं यंत्रणेला विचारलं की उंबरठ्याच्या अगदी जवळ येऊनही तू नाकारलंस अशा नोंदी दाखव, त्यातही डोळ्यांना सर्वांत खात्री होती ती आधी.

पहिलीच नोंद अकरा नोव्हेंबरची होती.

*खांब २१४, कालवा रस्ता. संध्याकाळी ७:५२. दिसतं ते: माणूस, ८८ टक्के. सवय: या वेळी इथे कुणी नसतं. एकत्रित: ६१ टक्के. उंबरठा: ६५. निर्णय: कुणी नाही.*

अण्णा त्या संध्याकाळी कालव्याकडे का गेले, हे कुणालाच समजलं नव्हतं. ते कधी त्या बाजूला जात नसत. रस्त्याखालच्या मोरीचं काम चालू होतं, कठडा काढून ठेवलेला होता. सकाळी साडेसहाला कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला ते मोरीखाली सापडले. डोक्याला मार होता, कंबर मोडली होती. वय झालं होतं, तोल गेला असेल, असं सगळे म्हणाले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टेस्टर होता. निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेल्या माणसानं टेस्टर कशाला घेतला, हेही तेव्हा कुणी विचारलं नाही. आता हर्षदाला आठवलं की त्या आठवड्यात ते तिला दोनदा म्हणाले होते, कालव्याकडचे दिवे माणूस आला तरी वर येत नाहीत, बघ जरा. तिनं सांगितलं होतं, अण्णा, रीतसर तक्रार टाका.

ती खालच्या नोंदी वाचत गेली. त्याच खांबावर ७:५८, ८:०५, ८:२०. जमिनीलगत हालचाल, कुत्रं असावं. ८:४१. ९:१२. शेवटची नोंद ९:४०ची होती. त्यानंतर त्या खांबानं काहीच लिहिलं नव्हतं. पण यंत्रणेच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर पहिली ओळ होती, *पहाटे ५:१०, तांबट गल्ली, चाल ३१७ अपेक्षित.* अण्णा मोरीखाली पडलेले असताना त्यांच्या दारापासून बसस्थानकापर्यंतचे सगळे दिवे त्यांच्यासाठी उजळले होते. आई आणि हर्षदा तेव्हा पोलीस चौकीत बसल्या होत्या.

हर्षदाची नजर थांबली ती मात्र उंबरठ्याच्या आकड्यावर. पूर्वदीपच्या कंपनीनं यंत्रणा बसवली तेव्हा तो साठ होता. साठ असता तर एकसष्टला दिवा उजळला असता. पासष्ट तिनं केला होता. मागच्या जुलैत परिषदेनं तिचा अर्ज परत पाठवला, त्यावर परीक्षकाचा शेरा होता, 'विजेची बचत इतरांपेक्षा लक्षणीय नाही.' ऑगस्टमध्ये तिनं उंबरठा पाच टक्क्यांनी वर उचलला. कुत्र्यांसाठी आणि फांद्यांसाठी उगाच लागणारे दिवे थांबले, बचत अठ्ठावन्नवरून एकाहत्तर टक्क्यांवर गेली. तो आकडा तिनं या वर्षीच्या अर्जात ठळक अक्षरांत लिहिला होता आणि त्याच आकड्यानं तिला मुख्य सभागृह मिळवून दिलं होतं.

तिनं कंपनीच्या ऋत्विज डोळसला फोन केला. तो सज्जन माणूस होता, अण्णांच्या दहाव्याला येऊन गेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं समजावलं की हजारो नोंदींमधली ही एक आहे. दिवा लागला असता तरी कठडा नव्हताच, ते पडले नसते कशावरून? तुमचं दुःख मोठं आहे, पण ते व्यासपीठ त्यासाठी नाही. चुकांच्या तक्त्यात सरासरी द्या, सगळे तेच देतात.

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. दिवा लागला असता तरी अण्णा पडले असते, हे शक्य होतं. तीन दिवस हर्षदानं त्या वाक्याला धरून काढले. रात्री सरासरीचा तक्ता तयार करायची आणि सकाळी पुसायची. तिसऱ्या दिवशी ती पहाटे आईच्या शेजारी खिडकीशी बसली. दिवे निघाले, गल्ली ओलांडून वळणावर गेले आणि मावळले. आई उठायला लागली तेव्हा हर्षदानं तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. उंबरठा म्हणजे काय, तो तिनं कधी आणि कशासाठी वाढवला, खांबानं काय लिहून ठेवलं, सगळं.

मंदाकिनीबाईंनी एकदाही तिला मधे थांबवलं नाही. मग विचारलं, "किती वाजेपर्यंत हलत होते?"

"नऊ चाळीस."

"आणि आपण तेव्हा तुझ्या मामाकडे फोन करत होतो."

"हो."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. उजाडायला लागलं होतं, दूधवाल्याची सायकल गेली. "मग हे रोज सकाळी जातं ते कोण?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, आई. तो नुसता अंदाज आहे."

"अंदाज," आई म्हणाली. तिनं खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली आणि कडी लावली. "मी सात महिने त्याला निरोप देत बसले."

त्या दिवशी ती हर्षदाशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण स्वतः वेगळी जेवली. संध्याकाळी हर्षदा परिषदेला नकाराचं पत्र लिहायला बसली. आई दारात येऊन उभी राहिली. कुणाला लिहितेस, असं तिनं विचारलं. हर्षदानं सांगितलं की बोलायला जाणार नाही, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळेल.

"तिथं बोलायला मिळावं म्हणून तू तो आकडा वाढवलास," आई म्हणाली. "आता तिथंच जाऊन तो सांग."

नागपूरचं सभागृह मोठं आणि थंडगार होतं. बाहेरच्या दालनात खांब, दिव्यांची तबकं, नवी रडारं मांडून ठेवली होती आणि लोक चहाचे कागदी कप घेऊन त्यांच्यामधून फिरत होते. सत्राचे अध्यक्ष अरविंद खानझोडे म्हणून साठीचे गृहस्थ होते. अनेक नगरपरिषदा दिव्यांबाबत त्यांचा सल्ला घेत. त्यांनी हर्षदाला प्रेमानं बजावलं की अठरा मिनिटांना एक घंटा, विसाला दुसरी, मग मी माणूस ओळखत नाही.

सुरुवातीला तिनं ठरलेलंच सांगितलं. आठ टक्के, पाखरं, एकाहत्तर टक्के बचत. समोर माना हलत होत्या. मग तिनं चुकांचा तक्ता दाखवायच्या जागी ती एकच नोंद पडद्यावर लावली आणि मोठ्यानं वाचली. खाली ८:०५, ८:२०, ९:१२ अशा ओळी होत्या, त्याही वाचल्या. हे माझे वडील होते, असं तिनं सांगितलं. उंबरठा साठचा पासष्ट मी केला, तो याच सभागृहात उभं राहायला मिळावं म्हणून केला, हेही सांगितलं. मग दुसऱ्या दिवशीची ५:१०ची ओळ वाचली. शेवटी ती म्हणाली की सवयीवर चालणारी कुठलीही यंत्रणा ओळखीच्या माणसाला तो मेल्यावरही उजेड देते आणि वाट बदललेल्या माणसाला जिवंतपणी अंधारात ठेवते. उंबरठा किती हवा हे मला माहीत नाही. तो कुणी आणि कशासाठी हलवला, याची नोंद मात्र आमच्या यंत्रणेत कुठेच नव्हती. ती आता आहे.

घंटा वाजलीच नाही. ती खाली उतरली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, कुणी प्रश्नही विचारला नाही. ऋत्विज मागच्या रांगेतून उठून बाहेर गेला. खानझोड्यांनी जेवणाची सुट्टी झाल्याचं सांगितलं.

हर्षदा लॅपटॉप आवरत होती. मान वर केली तर तिच्यासमोर रांग लागली होती. दहाबारा जण असतील. वेगवेगळ्या गावांतले अभियंते होते, ठेकेदार होते, एक नगरसेविका होती. शाबासकी द्यायला कुणी आलं नव्हतं. पहिल्या माणसानं खाली वाकून दबक्या आवाजात विचारलं की नाकारलेल्या नोंदी मागायच्या असतील तर यंत्रणेला नेमकं काय विचारायचं. तिनं कागदावर लिहून दिलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्या बाईनं तारीख आधीच हातावर लिहून आणली होती. व्याख्यान चालू असतानाच लिहिली असणार. कागद घेऊन माणसं भिंतीकडे तोंड करून एकेकटी उभी राहत आणि आपापल्या फोनवर काहीतरी टाइप करत.

खानझोडे सर्वांच्या मागं उभे होते. सगळे गेल्यावर ते पुढे आले आणि तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"कंपनीनं गेल्या सप्टेंबरात तुमचा पासष्टचा आकडा चौदा गावांना पाठवला," ते म्हणाले. "आदर्श म्हणून. आमच्या गावासाठी तो मी मंजूर केला."

हर्षदाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांची धाकटी बहीण शिवणाच्या वर्गाला जात असे. वर्ग रोज आठला सुटे. नऊ फेब्रुवारीला तो सातलाच सुटला. वाटेत तिला उडवणारा ट्रॅक्टरवाला म्हणत होता की ती मला दिसलीच नाही, आणि पाच महिने खानझोडे त्या माणसाला शिव्या घालत होते, त्याच्यावर खटलाही चालू होता. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. त्यांना प्रश्नाचा कागद नको होता. मगाशी पडद्यावर बघूनच त्यांनी तो प्रश्न फोनवर टाइप केला होता, खांबाचा क्रमांक त्यांना पाठ होता. उत्तर आलेलं होतं. फक्त चष्मा खोलीवर राहिला होता, असं ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता.

त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला. हर्षदानं वाचलं.

"चौसष्ट," ती म्हणाली.

बाहेरच्या दालनात ताटांचा आवाज येत होता. खानझोड्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे दिव्यानं तिला पाहिलं होतं?"

"हो," हर्षदा म्हणाली. "पाहिलं होतं."